व्यसन सोडविण्याचे अनुदान : पैसा कोणाचा, कोणासाठी?

मंडळी, गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी काटोलकडचा एक शेतकरी आमच्या दारी आला. आमचा जुना विद्यार्थी. त्याचे नाव आम्ही लिहीत नाही. उद्यावर पोळा आला होता, आणि त्याच्या गोठ्यात बैल नव्हता. जोडी विकून झाली होती.

"गुरुजी, पोरगं हातचं गेलं जी," तो म्हणाला आणि ओसरीवर बसला.

पोरगा नागपुरात मालधक्क्यावर हमाली करायला गेला होता. तिथे त्याला गर्दची सवय लागली. पहिल्यांदा फुकट मिळाली. मग पन्नास रुपये. मग रोजची मजुरी त्यातच जाऊ लागली. बापाने कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याला एका खासगी घरात नेऊन ठेवले. "आम्ही नशा सोडवतो," असे ते लोक म्हणत. दोन महिन्यांचे चाळीस हजार रुपये त्यांनी घेतले. तिथे डॉक्टर नव्हता. औषध नव्हते. पट्टा मात्र होता. पोरगा घरी आला आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

आम्ही विचारले, "अरे, सरकारी दवाखान्यात का नेलं नाहीस?"

तो म्हणाला, "पोलीस पकडतीन म्हणे त्याले. आन् फुकटात कोन बरं करते जी?"

त्याच्या या दोन वाक्यांत दोन गैरसमज आहेत. त्या दोन गैरसमजांपायी त्याची बैलजोडी गेली. असे गैरसमज गावोगाव आहेत. म्हणून आम्ही हा धडा लिहायला घेतला.

गर्द म्हणजे काय?

दिवाळीत अनारशांना आपण खसखस लावतो. ती खसखस ज्या झाडाची, त्याच झाडाची अफू. खसखशीच्या दाण्यात नशा नसते. पण हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की पांढरा चीक येतो. तो वाळला की काळपट होतो. तीच अफू.

अफूपासून मॉर्फिन निघते. ते मोठे औषध आहे. कॅन्सरच्या रोग्याला असह्य वेदना होतात, तेव्हा डॉक्टर ते देतात. मॉर्फिनपासून हेरॉइन करतात. हलक्या प्रतीच्या, भेसळीच्या हेरॉइनला ब्राऊन शुगर म्हणतात. आपल्याकडे त्यालाच गर्द हे नाव पडले. याच कुळातली काही औषधे दुकानात असतात. कोडीन घातलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉल नावाची दुखण्याची गोळी ही त्यांतलीच. डॉक्टरने सांगितले तेवढे घेतले तर ते औषध. बाटलीमागून बाटली प्यायली तर तीच नशा.

या नशेची खोड अशी की शरीरच ती मागू लागते. ती मिळाली नाही तर अंग ठणकते, नाक-डोळे वाहतात, जांभया येतात, जुलाब होतात, झोप उडते. लोक म्हणतात, "पोरगा नाटक करतो." ते नाटक नव्हे. तो आजार आहे. मारून ताप उतरत नाही, तसे मारून व्यसनही उतरत नाही.

पूर्वी सरकारच अफू विकत असे

आता एक जुनी गोष्ट ऐका. इंग्रजी अमलात अफू हा सरकारच्या कमाईचा मोठा धंदा होता. हिंदुस्थानची अफू जहाजे भरभरून चीनला जाई. इथेही १८७८ सालच्या अफूच्या कायद्याखाली परवान्याची दुकाने चालत. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूची बाळगोळी देत. लेकरू दिवसभर निपचित पडे आणि आईला कामावर जाता येई. किती लेकरे त्यात दगावली असतील!

स्वराज्य आले. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात लिहिले गेले की, आरोग्याला घातक अशा मादक पेयांचा आणि पदार्थांचा वापर बंद करण्याचा सरकारने प्रयत्न करावा. औषधापुरता वापर तेवढा वगळला. १९४९ साली अखिल भारतीय अफू परिषद भरली. तिने ठरविले की, नशेसाठी अफू विकणे दरवर्षी थोडे थोडे कमी करायचे आणि ३१ मार्च १९५९ पर्यंत अगदी बंद करायचे. आज अफूची शेती परवान्यानेच होते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांच्या काही ठरलेल्या भागांतच तो परवाना मिळतो. महाराष्ट्रात ही शेती करणे गुन्हा आहे.

पुढे १९८५ साली अमली पदार्थांचा नवा कडक कायदा झाला. विकणाऱ्याला त्यात जबर शिक्षा आहे. त्याच सुमारास, १९८५-८६ पासून, केंद्र सरकारने व्यसन सोडविण्याचे काम करणाऱ्या संस्थांना पैसा देण्याची योजना चालू केली. म्हणजे एके काळी सरकार अफू विकून पैसा मिळवी. आता तिच्या तावडीतून माणूस सोडविण्यासाठी सरकार पैसा खर्च करते. हा पैसा म्हणजेच अनुदान.

अनुदान म्हणजे काय?

विहिरीला, ठिबकला सरकार अनुदान देते हे तुम्हाला माहीत आहे. कर्ज फेडावे लागते. अनुदान फेडायचे नसते. पण ज्या कामासाठी दिले त्याच कामाला लावायचे असते, आणि पै-पैचा हिशेब द्यायचा असतो. आमचा जन्म शाळेत गेला. हजेरीपट पाहिला जाई, साहेब तपासणीला येत, हिशेब लागे, आणि मग शाळेचा पैसा येई. व्यसनमुक्तीच्या अनुदानाचीही रीत अशीच आहे.

हा पैसा येतो कुठून? तुमच्या-आमच्या खिशातून. काडेपेटी घ्या, साबण घ्या, त्यात कर असतो. तो सरकारी तिजोरीत जातो. शिवाय १९८९ साली त्या कायद्यात आणखी एक कलम घातले गेले. त्याने एक राष्ट्रीय निधी स्थापन केला. नशेच्या धंद्यातून कमावलेली मालमत्ता सरकारजमा झाली की तिच्या विक्रीचा पैसा या निधीत घालायचा. कोणी देणगी दिली तर तीही त्यात. आणि हा निधी व्यसनी माणसांचे उपचार, पुनर्वसन, लोकशिक्षण अशा कामांना वापरायचा. ज्या धंद्याने घरे मोडली, त्याच धंद्याच्या पैशाने ती सावरायची, असा हा न्याय आहे.

पैसा तिजोरीतून खाटेपर्यंत कसा येतो?

केंद्रात सामाजिक न्याय मंत्रालय आहे. हे काम त्याच्याकडे आहे. २०१८ पासून त्याने नशेची मागणी कमी करण्यासाठी एक राष्ट्रीय कृती आराखडा हाती घेतला आहे. या आराखड्यातून संस्थांना आणि राज्य सरकारांना पैसा मिळतो.

समजा, एखाद्या नोंदलेल्या संस्थेला व्यसनमुक्ती केंद्र चालवायचे आहे. ती अर्ज करते. अर्ज आता संगणकावरून जातो. अधिकारी जागा पाहतात. खाटा आहेत का, डॉक्टर येतो का, परिचारिका आहे का, रोग्यांची नोंदवही खरी आहे का, हे तपासतात. शिफारस झाली की मंत्रालय पैसा मंजूर करते. पैसा हप्त्याहप्त्याने येतो. मागच्या पैशाचा हिशेब आणि तो योग्य कामाला लागल्याचा दाखला दिल्याशिवाय पुढचा पैसा सुटत नाही. २००८ आणि २०१५ साली सुधारलेल्या नियमांत मंजूर खर्चाच्या शंभर रुपयांतले नव्वद रुपये सरकारचे आणि दहा संस्थेने उभे करायचे, असे ठरलेले होते. थोडा भार संस्थेवर असला की काम आपले वाटते, हा त्यातला विचार.

अशी अनुदानाची तीनशेहून जास्त केंद्रे देशात आहेत. कुठे १५ खाटा, कुठे ३०, कुठे ५०. तिथे रोग्याला ठेवून घेतात. आधी औषध देऊन शरीराचा त्रास कमी करतात. मग समुपदेशक त्याच्याशी बोलतो. समुपदेशक म्हणजे मन समजून घेऊन सल्ला देणारा शिकलेला माणूस. घरच्यांनाही बोलावतात. व्यायाम, योगासने, गटात बसून बोलणे असा दिवसाचा क्रम असतो. अनुदानाच्या खाटेवर रोग्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. ते पैसे तुम्ही कर देऊन आधीच भरलेले असतात.

म्हणजे पहिला गैरसमज फिटला. "फुकटात कोण बरे करतो?" हे फुकट नाही. हे तुमच्याच पैशाने आहे.

पोलीस पकडतील का?

आता दुसरा गैरसमज. त्याच १९८५ च्या कायद्यात ६४-अ नावाचे कलम आहे. ते सांगते की, नशेच्या आहारी गेलेला माणूस आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला आला, तर स्वतः नशा केल्याबद्दल किंवा जवळ अगदी थोडा माल असल्याबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. उपचार अर्ध्यावर सोडले तर ही सूट जाऊ शकते. आणि विकणाऱ्याला ही सूट नाही.

पट्ट्याने मारणाऱ्या घरांविषयीही सांगतो. २०१७ सालच्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने व्यसनाला मनाच्या आजारांत धरले आहे. अशा रोग्यांना ठेवणाऱ्या केंद्राची नोंदणी झालेली असलीच पाहिजे. रोग्याला साखळीने बांधणे त्या कायद्याने बंद केले आहे. म्हणून कोठेही लेकराला ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारा. नोंदणीचा कागद कुठे आहे? डॉक्टर कोण आणि कधी येतो? रोग्याला भेटता येईल का? उत्तर टाळले, तर चपला घाला आणि परत फिरा.

पुण्याचे एक उदाहरण

पैसा कसा जोडून वापरावा हे पाहायचे तर पुण्याचे मुक्तांगण पाहा. १९८० नंतरच्या काही वर्षांत गर्दने शहरांतली तरुण पोरे गिळायला सुरुवात केली. अनिल अवचट यांनी त्या पोरांत हिंडून लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. ते लिखाण वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी एक लाख रुपये दिले. जागा मनोरुग्णालयाच्या आवारात मिळाली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्र सुरू झाले. पुढे केंद्र सरकारने त्यालाच पश्चिम भागातल्या कार्यकर्त्यांना शिकविणारे केंद्र म्हणून मान्यता दिली.

जागा सरकारी, देणगी एका लेखकाच्या घरची आणि कष्ट एका डॉक्टरणीचे. नुसत्या सरकारने हे झाले नसते. नुसत्या देणगीनेही झाले नसते.

पाणी कुठे मुरते?

आता कडू गोष्ट. पाट खोदला म्हणजे शेवटच्या वावरापर्यंत पाणी जाईलच असे नाही. मध्ये पाणी मुरते. अनुदानाचेही तसेच आहे.

एक तर पैसा उशिरा येतो. मग समुपदेशकाचा पगार थकतो आणि चांगला माणूस काम सोडून जातो. दुसरे असे की, कुठे कुठे वहीवर रोगी असतात आणि खाटेवर नसतात. आम्ही शाळामास्तर. हजेरीपटावरची खोटी पोरे आम्ही पाहिली आहेत. त्यामुळे वहीवरचे खोटे रोगी आम्हाला नवीन नाहीत. आणि तिसरे कारण सगळ्यांत मोठे. लोकांना माहीतच नाही. केंद्र सरकारने देशभर पाहणी करविली आणि तिचा अहवाल २०१९ साली आला. अफूच्या कुळातली नशा करणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक देशात आहेत, असे त्यात आढळले. त्यांतल्या सुमारे ७७ लाख लोकांना मदतीची गरज आहे. आणि अमली पदार्थांच्या पुरते आहारी गेलेल्या २० माणसांत एकालाच कधी दाखल होऊन उपचार मिळाले होते.

दूरच्या अमेरिकेचेही ऐका. तो देश श्रीमंत. तिथे औषध कंपन्यांनी दुखण्याच्या गोळ्या बेसुमार खपविल्या. त्यांतून व्यसन पसरले. २०२१ साली एका वर्षात तिथे नशेच्या अतिसेवनाने एक लाखावर माणसे मेली. बहुतेक याच कुळातल्या नशेने. राज्यांनी आणि गावांनी कंपन्यांवर दावे लावले. २०२२ साली एक औषध कंपनी आणि तीन ठोक विक्रेते मिळून सुमारे २,६०० कोटी डॉलर हप्त्यांनी देण्यास कबूल झाले. हा पैसा आता गावोगाव उपचाराला आणि व्यसन रोखायला वाटला जातो. पण तिथेही काही ठिकाणी त्यातून पोलिसांसाठी गाड्या घेतल्या गेल्या आणि लोकांनी जाब विचारला. म्हणजे पैसा मिळणे निराळे आणि तो योग्य माणसापर्यंत जाणे निराळे. राखण तिथेही लागते आणि इथेही लागते.

आपल्या हाती राखणीचे साधन आहे. २००५ सालचा माहितीचा अधिकार. साधा अर्ज लिहायचा. केंद्र सरकारच्या कचेरीसाठी दहा रुपये फी असते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. विचारायचे, आमच्या जिल्ह्यात व्यसनमुक्तीला कोणत्या संस्थेला किती अनुदान मिळाले? किती खाटा? किती रोगी? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मंडळी, तुम्ही लिहायला शिकलात. मग लिहा! सही करण्यापुरतेच अक्षर शिकायचे नसते.

गावाने काय करावे?

व्यसन जडल्यावर सोडविणे महाग. जडू न देणे स्वस्त. १५ ऑगस्ट २०२० पासून सरकारने नशामुक्त भारत अभियान सुरू केले आहे. शाळा-कॉलेजांत आणि वस्त्यांत जाऊन बोलणे हा त्याचा मोठा भाग. पण फलक लावून आणि शपथ घेऊन काम संपत नाही. आपल्या गावात पुढील गोष्टी करता येतात.

ग्रामसभेत हा विषय घ्या. कोण पितो याची चहाडी करायला नव्हे. कोणाला मदत हवी हे ओळखायला.

औषधाच्या दुकानदाराला सांगा, चिठ्ठीवाचून खोकल्याच्या बाटल्या आणि झोपेच्या, दुखण्याच्या गोळ्या पोरांना देऊ नको.

पोरगा शहरात कामाला गेला तर त्याची विचारपूस ठेवा. पैसे किती पाठवतो एवढेच विचारू नका. जेवतो का, झोपतो का, सोबती कोण, हेही विचारा.

आजारी दिसला तर थेट सरकारी दवाखान्यात न्या. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी रुग्णालये आहेत. दोन्हींत मनोविकार विभाग आहे. शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. "वेड्यांचा दवाखाना" म्हणून तिथे जायला लाजू नका. अनुदानाचे केंद्र कुठे आहे हे समाज कल्याण खात्याच्या कचेरीत विचारा. ती सामाजिक न्याय भवनात आहे. घरबसल्या विचारायचे तर व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६ हा फोन लावा. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. काही दिवस नशा सुटली की शरीराची ती सोसण्याची ताकद कमी होते. मग माणसाने पुन्हा पूर्वीएवढीच घेतली तर श्वास बंद पडून तो मरू शकतो. श्वास मंद झाला, ओठ निळे पडले, हलवून जागा होत नाही, असे दिसले तर क्षणभर थांबू नका. १०८ ला फोन करा.

त्या पोराचे काय झाले?

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघाली. "रोगराई घेऊन जा" म्हणून लोक ओरडत होते. त्या गर्दीतून वाट काढत आम्ही, तो शेतकरी आणि त्याचा पोरगा एका सरकारी दवाखान्यात गेलो. पोरगा भीत होता. डॉक्टरीणबाईने त्याला पहिल्यांदा विचारले, "जेवलास का?" पट्टा खाल्लेल्या त्या पोराला रडू आले.

पाच दिवस हाल झाले. औषधाने ते सोसता आले. तीन महिन्यांनी तो एकदा घसरला. बाप घाबरत घाबरत त्याला पुन्हा घेऊन गेला. कोणी हाकलले नाही. "या आजारात असे होते," म्हणाले आणि औषध पुन्हा सुरू केले. आता तो जिनिंगमध्ये कामाला जातो. पुढे काय होईल ते आम्ही छातीठोक सांगत नाही. पण आज तो घरी जेवतो, आणि औषध चुकवत नाही.

मारबतीबरोबर व्यसन जात नाही. ते जाते औषधाने, माणुसकीने आणि वेळेवर पोचलेल्या पैशाने. परवा तो शेतकरी भेटला. म्हणाला, "गुरुजी, हे आदी कोनी सांगतलं असतं तं बैल राह्यले असते जी."

मंडळी, तुम्हाला आता माहीत झाले आहे. शेजाऱ्याचे बैल विकले जाण्याआधी त्याला सांगा.